आखरावरचं शेण

कृष्णराव पाटील हातात घमेलं घेऊन आखरावर आले, तेव्हा चंद्रभागाबाईला आधी वाटलं, माणूस वाट चुकला. गावची गुरं सकाळी जिथं गोळा होतात आणि जिथून गायकी त्यांना हाकत रानात नेतो, त्या उघड्या जागेत मनगटावर घड्याळ बांधणाऱ्या माणसाचं काम काय? माघाची थंडी होती. लाखनीच्या मोठ्या रस्त्यावरून ट्रक धडधडत जात होते आणि त्यांचा धूर धुक्यात मिसळून आखरावर खाली बसत होता. पाटलांच्या चार गाई रोजच्यासारख्या आल्या आणि त्यांच्यामागून कधी नव्हे तो त्यांचा मालक आला. तांबडी गाय थांबली, तिनं पाठ जराशी वाकवली. चंद्रभागाबाई टोपली घेऊन दोन पावलं पुढं झाली; तीस वर्षांत त्या दोन पावलांचा तिनं कधी विचार केला नव्हता. आणि पाटील तिच्या आधी वाकले. धोतराचा सोगा खोचून त्यांनी तो वाफाळता शेणाचा पो दोन्ही हातांनी उचलला, घमेल्यात टाकला आणि सरळ होत म्हणाले, "माह्या गाईचं आहे ना."

तिनं काही विचारलं नव्हतं. तरी ते उत्तर दिल्यासारखे बोलले, आणि बोलताना तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते. मग बाकीच्या तीन गाईंमागे ते तसेच फिरले. एका गाईनं त्यांना बराच वेळ ताटकळत ठेवलं. गाय काही घड्याळ बघून शेण टाकत नाही, हे चंद्रभागाबाईच्या जिभेवर आलं होतं, आणि एरवी ते बाहेर पडायला पापणी लवायचा वेळ लागला नसता. पण ती गप्प राहिली. पलीकडे तिचा नवरा धनीराम, गावचा गायकी, काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्यानं सगळं बघितलं आणि गुरांना हाक दिली. कळप निघाला. आखर रिकामा झाला. तिच्या टोपलीत रोजच्यापेक्षा चार गाईंचं शेण कमी होतं आणि तिच्या तोंडात न बोललेलं सगळं तसंच पडून होतं.

घराकडे चालताना तिला राग पाटलांचा येत नव्हता, स्वतःचा येत होता. या बाईला गावातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते पोटात ठेवायची सवय तिला नव्हती. बोरिंग बसलं तेव्हा इंजिनीअरसमोर तिनं दांडा हापसून बघितला होता आणि सांगितलं होतं, "हे बेस आहे. जो हापसन त्याले पानी, बोरिंग कोनाचं नाव इचारत नाई." धान भरडायची मशीन आली तेव्हा बाया खूश झाल्या, तीही झाली, कारण मुसळानं खांदे भरून यायचे ते थांबलं. पण दोन महिन्यांत तिच्या ध्यानात आलं की पूर्वी पाटलाघरचं धान कांडलं की कोंडा कांडणाऱ्या बाईचा असायचा, कोंबड्यांना व्हायचा. आता तो मशीनवाल्याच्या पोत्यात जातो. रेडिओवर तिचा फारसा जीव नव्हता. नागपूरला पाऊस पडणार म्हणून तो सांगायचा आणि इथं तलावाची पाळ कोरडी. तरी रेडिओ कुणाचं काही नेत नाही, म्हणून तिनं त्याला माफ केलं होतं. नवं काही आलं की लोक त्याच्याभोवती गोळा होत, टकमक बघत, आणि ही मागं उभी राहून विचारी, "आलं ते तं दिसून राहिलं. गेलं काय, अन् कोनाचं गेलं, ते सांगा." लोक हसत. धनीराम म्हणे, "तुले कायले पाह्यजे त्या चवकशा?" तिला पाहिजेच असत. आणि आज तिचंच गेलं, तेव्हा तोंडाला कुलूप.

गोबर गॅसवर तर ती भाळली होती, हे तिला आता आठवलं आणि जास्तच लागलं. दिवाळीनंतर पाटलांच्या वाडीत मोठा खड्डा खणला, शेण कुजवायला विटांची विहीर बांधली, वर लोखंडी टाकी उलटी बसवली. लाखनीतला पहिलाच. कौशल्याबाई पाटलीणबाईंनी तिला मुद्दाम आत बोलावून चूल दाखवली होती. चूल म्हणजे ओट्यावर एक लोखंडी वर्तुळ. काडी लावली तर फुस् करून निळी ज्योत उठली, ना धूर, ना राख, ना फुंकणी. चंद्रभागाबाईनं हात पुढं करून ऊब घेतली होती. धुरानं सुजलेल्या डोळ्यांच्या कौशल्याबाई, रात्र रात्र खोकणाऱ्या, त्यांचा खोकला महिन्याभरात कमी झाला होता. त्यांचं तोंडही उजळल्यासारखं वाटत होतं. चंद्रभागाबाईनं त्या ज्योतीकडे बघून मनापासून म्हटलं होतं, "बाई, हे प्रत्येकीच्या घरी पाह्यजे." आणि ते तिला अजूनही पटत होतं. आगीशी तिचं भांडण नव्हतं. पण प्रत्येकीच्या घरी कसं येणार? ज्याच्याकडे चार जनावरं आणि खड्डा खणायला वाडी, त्याला सरकार मदत करतं. ज्याच्या घरी नुसती चार तोंडं, त्याच्यासाठी गॅसची मदत द्यायला आलेल्या साहेबाच्या कागदात रकाना नव्हता. हे तिनं साहेबाला विचारलंही होतं. साहेब हसून म्हणाले होते, "आजी, आधी गाय घ्या." आजी! ती अवघी पंचेचाळीसची होती.

घरी येऊन तिनं भिंतीवर गोवऱ्या थापायला घेतल्या. शेण कालवताना बोटांना ऊब आली. थंडीत बधिर झालेले हात ताज्या शेणात घातले की जीव हातात परत यायचा, ही तिची हिवाळ्यातली एकच चैन होती आणि तिनं ती कुणाला सांगितली नव्हती. लग्न होऊन ती सानगडीहून इथं आली तेव्हा सासूनं तिला दुसऱ्या दिवशी पहाटेच उठवलं होतं. नव्या नवरीला शेत दाखवतात. यांच्याकडे शेत नव्हतं. सासूनं तिला आखर दाखवला. हिरव्या लुगड्यातली ती पोर थंडीनं कुडकुडत उभी आणि सासू हात लांब करून चिंचेपासून रस्त्यापर्यंतची जागा दाखवत होती. गोठ्यातलं शेण मालकाचं, आखरावरचं गायक्याचं. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. लिहून ठेवायची गरज काय, सूर्य उगवतो तेही कुणी लिहिलेलं नाही. वर्षाकाठी जनावरामागे थोडं धान मिळे आणि बाकी सगळा संसार त्या आखरावर. त्याच गोवऱ्यांवर तिची चूल पेटली, तेजराम झाला तेव्हा त्यांच्याच शेगडीनं बाळंतिणीची खोली शेकली, आणि उरलेल्या गोवऱ्या नाक्यावरच्या हॉटेलात भट्टी पेटवायला जात. तेजराम आता नागपूरला रिक्षा चालवत होता. त्याला आखराची लाज वाटे. तिला कधी वाटली नाही. सासूच्या हातात कधी सोनं आलं नाही, पण ती आखरावर उभी राहायची ती मालकिणीच्या ऐटीत, आणि चंद्रभागाबाईनं तिच्याकडून दुसरं काही घेतलं नसलं तरी ते उभं राहणं घेतलं होतं. मग आज सकाळी ती उभी होती ती कुणासारखी? पाहुण्यासारखी. कुणी बस म्हणेल याची वाट बघत असल्यासारखी.

दुपारी ती पाटलांकडे गेली. अंगण सारवायचा तिचा दिवस नव्हता, तरी गेली. कौशल्याबाई माजघरात तांदूळ निवडत होत्या. तिला बघून त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आणि ओशाळेपण दोन्ही एकदम आलं, म्हणजे घरात बोलणं झालं होतं.

"बस वो चंद्रभागा. चहा ठेवतो."

"चहा नको बाई. पाटील आखरावर आल्ते."

"हो, मले म्हनले ते. का करावं वो, थंडीनं गॅस भरत नाई, टाकीच वर चढत नाई. सकाळचा चहा होते अन् भाजी ठेवली का ज्योत बसून जाते. अन् गुरुवारी साहेब येऊन राहिले पाहाले. आमच्या यायनं साऱ्या गावाले सांगून ठेवलं. ते म्हनतात, शेण कमी पडते."

"शेण कमी पडत नाई बाई, ऊन कमी पडते. शेण थंडीत कुजत नाई लवकर. माह्या खताच्या खड्ड्याले इचारा."

कौशल्याबाई हसल्या. मग सुपातला एक खडा बाजूला काढत हळू म्हणाल्या, "पन त्याईनं चोरी तं नाई केली ना? स्वतःच्या गाईचंच घेतलं. अन् तुले अडलं तं तू माह्याकडे माग ना. कधीबी माग. घमेलंभर काढून ठेवीन मी तुह्यासाठी. यायले सांगाचीबी गरज नाई."

त्यांच्या आवाजात माया होती, खोटी नव्हती. म्हणूनच ती आत खोल लागली. चंद्रभागाबाई पायरीवर बसल्या जागी अवघडून गेली. माग. कधीही माग. मागच्या दारानं ये, पाटील बाहेर गेले की ये, मी काढून ठेवीन. तेच शेण, त्याच गाईचं, कदाचित आखरावर मिळायचं त्याहून जास्तच. आणि तरी ते उचलताना पाठ वेगळी वाकली असती. रोज सकाळी आखरावरही ती वाकतच होती, पण ते आपलं घ्यायला वाकणं होतं. हा फरक कौशल्याबाईंना कसा सांगायचा, त्यांना तर वाटत होतं आपण उपकार करतोय, आणि करतच होत्या. उपकार होतो म्हणूनच तर तो नको. तिला सांगायचं होतं, बाई, तुमचा खोकला गेला याचा मला आनंद आहे, तुमची ज्योत निळी राहो, पण ती माझ्या चुलीवर पाय देऊन उभी राहिली तर मी तिला चांगली कशी म्हणू? एवढं सगळं मनात जुळेपर्यंत तांदूळ निवडून झाले होते. "जातो बाई," एवढंच ती म्हणाली आणि निघाली. एका दिवसात ती दुसऱ्यांदा गप्प राहिली होती. हे असंच चाललं तर माणूस कसा गप्प बसायला शिकतो ते आपल्याला कळायला लागेल, अशी तिला भीती वाटली. म्हातारपणाची वाटली नव्हती एवढी वाटली.

दिवस कलल्यावर धनीराम गुरं घेऊन आला, पाय धुतले, जेवायला बसला. तिनं ताट वाढलं. तो न बघता म्हणाला, "तो गाईम्हशीवाला टेकचंदबी इचारून राहिल्ता रस्त्यात. उद्या तोबी येतो म्हने घमेलं घेऊन. त्याचीबी गॅसची दरखास्त गेली म्हंते."

"मंग तुमी का म्हनलं?"

"मी का म्हनू? त्याचे जनावरं." त्यानं भात कालवला. "जाऊ दे ना वो तेजरामची माय. जंगलातून काटक्या आनीन मी. दोन जीव आपन. केवढी आग लागते आपल्याले?"

दोन जीवांना केवढी आग लागते! तिनं त्याच्याकडे बघितलं. जेवताना तो डावा पाय नेहमीसारखा लांब करून बसला होता; तो पाय गुडघ्यात पूर्ण वळत नसे. आणि त्या पायाकडे बघता बघता तिला ते दुष्काळाचं साल आठवलं. कृष्णरावांचे वडील तेव्हा होते. त्यांची एक गाय जंगलात मागं राहिली आणि परतली नाही. धनीराम तीन दिवस तिला शोधत फिरला, नाल्यात पडला, गुडघा फुटला, आणि चौथ्या दिवशी गाईची हाडं सापडली. वाघानं खाल्ली होती. चावडीवर सगळे जमले. धनीरामला उभं राहता येत नव्हतं, त्याला खाटेवरून नेलं होतं. हेच कृष्णराव तेव्हा कॉलेजातून आलेले, पँट घातलेले, सगळ्यांपुढं बोलले होते, "आखरावर गाईचा पाय पडला का गाय गायक्याची. हा गावचा कायदा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. कायदा खराच होता. तिनंही मानला. भरपाई म्हणून तिच्या माहेरचा पाण्याचा पितळी गुंड पाटलाघरी गेला आणि तीन वर्षं ती मातीच्या घागरीनं पाणी भरत राहिली, तोंडातून ब्र न काढता, कारण कायदा म्हणजे कायदा.

तिच्या हातातला पळा तसाच राहिला. इतकी साधी गोष्ट आणि सकाळपासून सुचली नव्हती. तिला हसू यायला लागलं, आणि ते हसू बरं नव्हतं. 

"आयकलं का," ती म्हणाली. "वाघानं खाल्लेली गाय गायक्याची, अन् उभ्या गाईचं शेण पाटलाचं. असं कसं?"

धनीराम चावायचा थांबला.

"एक तं दोन्ही आपलं, नाईतं दोन्ही त्याईचं. शेण त्याईचं असन तं आखरावर गायबी त्याईचीच. मंग तुमी कोनाची गाय चारून राहिले?"

"ते धान बंद करतील वो."

"करू द्या. चार गाईचं धान. बाकीच्या गावाचे जनावरं कोन चारन, पाटील?"

त्यानं ताटात हात धुतला, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि दारात जाऊन बसला. तिला त्याची कीव आली. हा माणूस आयुष्यभर गुरांशी बोलला, माणसांशी बोलायचं काम त्यानं तिच्यावर सोडून दिलं, आणि आता ती त्याच्याकडे मागत होती ते नुसतं बोलणं नव्हतं. तिला वाटलं, आपण फार मागतोय. मग वाटलं, मागू नाही तर काय करू, याच्याकडे मागणं आणि पाटलाच्या मागच्या दारी मागणं सारखं आहे का?

दुसऱ्या दिवशी धुकं जास्त होतं. आखरावर घमेली दोन आली होती, पाटलांचं आणि टेकचंदचं, आणि चिंचेखाली आणखी दोघेतिघे नुसतेच बघायला उभे होते. आज कृष्णराव पाटील बिनघोर घेऊन गेले तर उद्या तेही येणार होते. हे तिला एका नजरेत कळलं. तिनं टोपली घरीच ठेवली होती. रिकाम्या हातांनी आखरावर यायची ही तिची पहिली सकाळ आणि हात कुठं ठेवावे ते तिला कळत नव्हतं. तांबडीनं पाठ वाकवली. पाटील वाकणार तोच चंद्रभागाबाई पुढं झाली, स्वतः तो पो उचलला आणि त्यांच्या घमेल्यात ठेवला. मग दुसरीचा. मग तिसरीचा, चौथीचा. पाटील "राहू दे, राहू दे," म्हणत होते, पण घमेलं पुढं धरून उभे होते, आणि ते काठोकाठ भरलं. टेकचंद खुशीत आला. त्याला वाटलं, बाई वठणीवर आली.

"झालं ना पाटील? आता गाईबी घ्या," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"आखरावर गाय आली का गायक्याची, हे तुमीच चावडीवर सांगतलं होतं. माहा गुंड तुमच्या घरी आहे अजून. शेण तुमचं, तं गाय तुमची. आजपासून तुमीच चारा."

ती धनीरामकडे वळली नाही. वळली असती तर तो घाबरला असता, किंवा तीच घाबरली असती. ती नुसती उभी राहिली आणि तिला वाटलं की तो आता पाटलांपुढं हात जोडील आणि आपण इथं कायमच्या पाहुण्या होऊन जाऊ. मग तिच्या पाठीमागं काठी जमिनीवर आपटली. धनीराम लंगडत पुढं आला, काठी आडवी धरून त्यानं पाटलांच्या चार गाई कळपातून बाजूला काढल्या, हळूच, एकीलाही न मारता, आणि बाकीच्या गुरांना हाक दिली. आवाज जरा कापला. पण कळप निघाला.

चार गाई घोटाळल्या. सवयीनं त्या कळपामागे जायला वळल्या, काठी आडवी आली, मग एक चिंचेकडे गेली, दोन तिथंच गोल फिरल्या, आणि तांबडी बिथरून सरळ रस्त्याकडे चालू लागली. पाटील भरलेलं घमेलं धरून तिच्यामागे चार पावलं पळाले, मग ते खाली ठेवायला वाकले तर दुसरी गाय निसटली. "हो, हो," ते ओरडत होते. गाय असल्या हाकेला ओळखत नाही. धुक्यातून ट्रकचा भोंगा आला.  तांबडी वासरू होती तेव्हापासूनची तिच्या हाकेची. एक आवाज टाकला असता तर ती जागची वळली असती. तो आवाज गळ्यापर्यंत आला होता. तिनं तो दातांत धरला. मुकं जनावर, त्याचा काय दोष, हे तिला कळत होतं, आणि अजून दहा पावलांपेक्षा जास्त आपल्याच्यानं गप्प राहवणार नाही हेही कळत होतं. तिनं मनात पावलं मोजली. पाटील वळले. त्यांचं धोतर शेणानं भरलं होतं आणि चेहरा पांढरा पडला होता.

"चंद्रभागा, हाक दे ना तिले! काय पाहून राहिली?"

"आखरावरचं कोनाचं, पाटील?"

भोंगा पुन्हा आला, जवळून. तांबडी डांबराच्या कडेला पोचली होती.

"तुमचं," पाटील घोगऱ्या आवाजात पुटपुटले. "घ्या, तुमचंच."

तिनं तोंडाला हात लावून हाक मारली. तांबडी थांबली, कान हलवले, आणि रस्त्याकडे पाठ करून धुक्यातून सावकाश परत आली. मागून ट्रक निघून गेला. चंद्रभागाबाईनं तिच्या मानेवर हात ठेवला.  मग ती चिंचेखालच्या माणसांकडे आणि घमेलं घेऊन उभ्या असलेल्या टेकचंदकडे बघून पाटलांना म्हणाली, "मोठ्यानं सांगा पाटील. टेकचंदभाऊले आयकू नाई गेलं."